रेशमी घुमट

स्पीकरवर लिहिणारी मंडळी आवाजावर पानंच्या पानं लिहितात. तो स्पीकर कुठल्या खोलीत ठेवलाय यावर एखादं वाक्य येतं, आणि त्या खोलीत आणखी कोण कोण राहतं यावर काहीच येत नाही. आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा जो बाजार भरतो, तिथून आमच्या घरी इंग्रजी हाय-फाय मासिकांचे जुने अंक येतात. आणतात हे, आणि वाचते मी. त्यांतला परीक्षक आता माझ्या चांगला ओळखीचा झाला आहे. तो नेहमी एकटा असतो. दोन स्पीकर आणि त्याची खुर्ची मिळून एक समभुज त्रिकोण होतो आणि त्या त्रिकोणात दुसरं कुणी येत नाही. त्याच्याकडे कुकरची शिट्टी होत नाही, दारावर कुणी येत नाही, म्हाताऱ्या आईला औषध द्यायची वेळ होत नाही. अशा माणसाला स्पीकर कसा वाजतो हे कळत असेल. घरात कसा वाजतो, हे त्याला कुठून कळणार?

मी घरातूनच लिहिते आहे. आबिड्सच्या मुख्य रस्त्यामागच्या गल्लीत तिसरा मजला, दहा बाय बाराची बैठक, खाली शहाबादी फरशी, एका भिंतीला लागून स्वयंपाकघराचं दार. त्या दाराशी उभं राहून, पोळ्या लाटता लाटता, मी गेली पस्तीस वर्षं गाणं ऐकत आले आहे. आपल्याकडे दिवस बुडायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे संध्याकाळी सातनंतरचा वेळ मोकळा असतो. आमच्या घरी तो वेळ गाण्याचा. मामंजींपासूनची ही रीत आहे.

आमची मूळ जोडीही मामंजींचीच, १९७४ सालची. आमचं घराणं सैतवाळ, लातूरकडचं. संस्थानाच्या काळी लातूर आणि हैदराबाद एकाच राज्यात होतं. १९५६ साली राज्यं फुटली, मराठवाडा तिकडे गेला आणि नोकरीपाण्याला आलेली काही घरं इथंच राहिली, त्यांतलं आमचं एक. विलायती स्पीकर त्या काळी परवाने आणि आयात शुल्क यांच्या पलीकडे होते. मग लोक काय करत, तर आतलं युनिट विकत आणायचं आणि पेटी सुताराकडून करून घ्यायची. मामंजींनी फिलिप्सची आठ इंची, दुहेरी शंकूची दोन युनिटं घेतली. दुहेरी म्हणजे मोठ्या कागदी शंकूच्या पोटात आणखी एक छोटा शंकू; खालचे सूर मोठ्यानं काढायचे, वरचे छोट्यानं. पेट्या सागवानी. सुतार त्यांना चपड्याचं पॉलिश देणार होता. चपडा म्हणजे लाख, आणि लाख म्हणजे किड्यांनी फांदीवर केलेलं घर; ती खरवडून काढताना किडेही त्यातच जातात. सासूबाईंनी सुताराला परत पाठवलं. पेट्या नुसत्या जवसाच्या तेलानं पुसल्या गेल्या, आणि आजही तशाच आहेत, थोड्या काळवंडलेल्या.

हे सांगायचं कारण असं की आपल्या घरातला या बाबतीतला विचार जुना आहे. माझ्या पिढीनं शोधून काढलेला नाही.

आता त्या जोडीचं परीक्षण. तिच्या शंकूची कड कागदाचीच, नागमोडी घडीची आहे, म्हणून ती टिकली. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या पुष्कळ नामांकित स्पीकरांना फोमची कड असे. तो फोम दहा-वीस वर्षांत, आपल्या हवेत तर आणखी लवकर, बोट लावलं की भुगा होतो. आज बाजारात जुना विलायती स्पीकर स्वस्तात मिळाला म्हणून आनंदानं घरी आणणाऱ्यांनी आधी जाळी काढून ती कड पाहावी. आमच्या गरीब कागदानं मात्र पन्नास वर्षं काढली. त्याचा मधला भाग, म्हणजे गाणाऱ्याचा गळा जिथं असतो तो पट्टा, आजही मला कुठल्याही नव्या स्पीकरइतका खरा वाटतो. हिराबाई बडोदेकरांची जुनी ध्वनिमुद्रणं त्यावर ऐकावीत. तबकडीची मर्यादाच अशी की तिच्यावर फार वरचं काही उतरलेलंच नाही. स्पीकरची मर्यादा आणि तबकडीची मर्यादा एकमेकींना झाकतात, आणि मध्ये बाईंचा गळा उरतो, स्वच्छ, खोटी चमक नसलेला.

दोष दोन आहेत. एक, खालचा आवाज पेटीचा आहे, युनिटचा नाही. बायाँचा प्रत्येक ठोका थोडा एकाच सुरात पडतो. त्यात आमच्या खोलीचाही हात आहे. बारा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो, हे साधं गणित आहे, कुणीही करावं. दुसरा दोष मला स्वयंपाकघराच्या दारातून कळला आणि ह्यांना खुर्चीतून कधीच कळला नाही. ध्वनीची लहर शंकूच्या रुंदीएवढी आखूड झाली की आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जायला लागतो. २००० हर्ट्झची लहर साधारण १७ सेंटिमीटरची असते. आठ इंची शंकूचा हलणारा भागही साधारण तेवढाच. म्हणजे त्याच्या वरचं सगळं समोरच्या खुर्चीला मिळतं आणि बाजूला उभ्या असलेल्या बाईला मिळत नाही. मराठीतली बरीचशी व्यंजनं याच पट्ट्यात ओळखू येतात. माझ्या जागेवरून गीतरामायणातला 'ल' कुठला आणि 'ळ' कुठला हे मी वर्षानुवर्षं अर्थावरून ठरवत होते, कानावरून नाही.

ह्यांनी १९८८ साली पहिलं अपग्रेड केलं ते याच्यासाठी नव्हतं, झांजेसाठी होतं; पण फायदा मला झाला. कोठीच्या गुजराती गल्लीतून कागदी शंकूचे दोन छोटे ट्वीटर आले, प्रत्येकाच्या वाटेत एकेक कपॅसिटर बसला, आणि पेटीच्या वरच्या बाजूला भोकं पाडून ते लावले गेले. कपॅसिटरचं काम इतकंच की जड सूर अडवायचे आणि बारीक तेवढे ट्वीटरकडे सोडायचे. छोटा शंकू आवाज रुंद फेकतो. 'ळ' स्वयंपाकघरापर्यंत आला.

पण तो कागदी ट्वीटर करकरीत होता. 'स' आणि 'श' यांना धार आली. लताबाईंचं गाणं लागलं की दर 'स'ला कुणी कापड फाडतंय असं वाटे. आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतो, त्याचं मोजमाप बदलतं. तीस वर्षांनी काय धार होती आणि काय बिघाड होता हे वेगळं काढणंच अवघड झालं. गेल्या वर्षी ह्यांनी ठरवलं की आता नीट अपग्रेड करायचं. तिथून पुढं जे झालं, तो या लेखाचा खरा विषय.

करायचं तर तुलना करून करू, म्हणून आम्ही दोन जोड्या मुद्दाम जाऊन ऐकल्या. पहिली पुण्याला नणंदेकडे. तिच्या यजमानांकडे बीबीसीच्या आराखड्याचे एल.एस. ३/५ए आहेत, रॉजर्सनं बनवलेले. हा स्पीकर १९७०च्या दशकात बीबीसीच्या इंजिनियरांनी बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसवायला तयार केला; गाडीत जागा नाही, आणि निवेदकाचा आवाज खरा आहे की नाही हे तर कळायला हवं. उंची फूटभर, आतली हवा पाच लिटर, म्हणजे तेलाच्या एका डब्याएवढी. खालचे सूर त्यात मावतच नाहीत. आणि तो आळशी आहे: एक वॉट दिला तर मीटरभरावर जेमतेम ८२-८३ डेसिबल, त्यामुळे दणका हवा असणाऱ्यानं तिकडे फिरकू नये. पण माणसाचा आवाज! कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन लावलं होतं. क्षयानं त्यांचं एक फुप्फुस निकामी केलं होतं, त्यामुळे श्वास कुठं घ्यायचा हा त्यांच्या गायकीचाच भाग झाला, असं आपण वाचतो. त्या छोट्या डब्यांवर तो श्वास ऐकू येतो. ओळ संपून नव्हे, ओळीच्या पोटात, शब्द मोडून घेतलेला. आमच्या सागवानी पेट्यांवर तीच तबकडी मी शंभर वेळा तरी ऐकली असेन. तिथं तो श्वास सुरात विरघळून जातो.

जाता जाता एक गंमत. त्याच बीबीसीच्या घराण्यातल्या दोन कंपन्या आहेत, स्पेंडॉर आणि हार्बेथ. पहिलं नाव स्पेन्सर ह्यूज आणि त्यांची पत्नी डॉरोथी यांच्या नावांतून झालं, दुसरं डडली हारवूड आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ यांच्या. मासिकांत या स्पीकरांवर पानंच्या पानं आहेत. त्या दोघी बायका मला नावाच्या शेपटीपलीकडे तिथं कुठं भेटल्या नाहीत.

दुसरी जोडी इथंच, एका दुकानात ऐकली: व्हार्फडेल लिंटन. गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२ साली यॉर्कशरमध्ये घराच्या तळघरात सुरू केलेली ही कंपनी. लिंटन हे तिचं १९६०च्या दशकातलं नाव. २०१९ साली त्याच नावानं, जुन्या रूपात नवा स्पीकर काढला. मोठी लाकडी पेटी, आठ इंची वूफर, वेगळा मधला शंकू, वर मऊ कापडी घुमटाचा ट्वीटर, आणि खालच्या घोडीत तबकड्या उभ्या ठेवायला जागा. जुनेपणा विकायचा तर कसा विकावा याचा हा नमुनाच आहे. मला आवडला का? आवडला. बायाँ उघडा, गोल, एकेका ठोक्याचा सूर वेगळा. किशोरी आमोणकरांचा भूप लावला तेव्हा तानपुऱ्याची आस तुटेना. पण त्या पेटीला भिंतीपासून हात-दीड हात जागा लागते, आणि आमच्या बैठकीत तेवढ्या जागेत सासूबाईंची बाज आहे. दुकानदार म्हणाला, बाज हलवता येईल की. सासूबाईंच्या बाजेवर दुकानदारानं मत द्यावं, इथपर्यंत हा छंद येतो.

तर जुन्या पेट्या ठेवायच्या आणि फक्त ट्वीटर बदलायचा, असं ठरलं. ह्यांनी निवडला तो मऊ घुमटाचा. गुजराती गल्लीत एका दुकानी वाजवून पाहिला. कागदी शंकूच्या जागी बोटाच्या दोन पेरांएवढा, वर फुगलेला कापडाचा घुमट, त्यावर कसला तरी लेप. मी कान देऊन ऐकलं. धार गेली होती. 'स' म्हणजे 'स' होता, कापड फाटत नव्हतं. तानपुऱ्याच्या जवारीतून जे बारीक सूर वर झडत राहतात ते एकेक मोजता येत होते, आणि तरी कानाला टोचत नव्हते. पस्तीस वर्षांत माझ्या कानांनी ऐकलेला तो सर्वांत चांगला ट्वीटर होता. माझं परीक्षण एवढ्यावर संपत असतं तर मी हेच वाक्य लिहून थांबले असते.

घरी सासूबाई बसल्या होत्या. वय ८४. वयानं कान जातो तो वरच्या सुरांपासून जातो. त्यांना आता पाखरांचा आवाज येत नाही, फोनची घंटी येत नाही. ट्वीटरचं जे काही काम आहे ते त्यांच्यापुरतं संपलेलं आहे. त्यांनी विचारलं, "घुमट कशाचा आहे?"

हे म्हणाले, कापडाचा.

"कसल्या कापडाचा?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा गल्लीत जाऊन विचारलं. दुकानदार हैदराबादी मोकळेपणानं म्हणाला, "सिल्कीच रहता अम्मा, इसी वास्ते तो मीठा बजता." आणि मग समजावणीच्या सुरात, "इत्ता सा तो है."

आता मासिकांकडे पुन्हा वळते. वरच्या सुरांचं कौतुक करायचं झालं की त्या परीक्षकांचा आवडता शब्द 'रेशमी'. पानोपानी रेशमी. मी तो शब्द इतकी वर्षं उपमा म्हणून वाचत होते. आपणही तलत महमूदच्या आवाजाला रेशमी म्हणतोच. पण १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून मऊ घुमटांची जी लाट आली, त्यांतले कितीतरी घुमट खरोखरच रेशमाचे आहेत. रेशीम हलकं असतं, आणि त्याचा स्वतःचा नाद लवकर मरतो. धातूच्या घुमटासारखं ते टणत्कार करत नाही. म्हणजे उपमा नव्हती ती, जिन्नसाचं वर्णन होतं. आणि जिन्नस कसा होतो तो आपल्याला ठाऊक आहे: कोशाचा धागा अखंड निघावा म्हणून आतला जीव बाहेर पडायच्या आधी कोश उकळतात किंवा वाफवतात. दुकानदाराचं 'इत्ता सा' खोटं नाही. एका साडीला हजारो कोश लागतात, दोन घुमटांना फारच थोडे. पण आपल्याकडे हिशेब वजनावर करत नाहीत.

इथं एक गोष्ट आपल्या आपल्यात बोलून घेऊ. हा लेख वाचणाऱ्या कितीजणींच्या कपाटात पैठणी आहे? माझ्या कपाटात आहे, लग्नातली, आणि आत्याबाईंनी दिलेला शालूही आहे. काही घरांत पूजेचं सोवळंच रेशमाचं असतं. बटाटा घरात येत नाही आणि रेशीम देवापर्यंत जातं, यावर आपल्या महिला मंडळात दर दोन-चार वर्षांनी वाद होतो आणि चहाबरोबर संपतो. त्यामुळे ट्वीटरच्या घुमटावरून मी कुणाला शिकवायला बसलेले नाही. मला फक्त एवढं दिसतं की साडी विकणारा निदान सांगतो की ही रेशमाची आहे. उलट तो ते सांगूनच विकतो. खाण्याच्या पाकिटावर आपण हिरवा ठिपका पाहतो. स्पीकरच्या खोक्यावर ओहम असतात, वॉट असतात, हर्ट्झ असतात. घुमट कोणाच्या जिवावर गोल झाला ते नसतं. आणि परीक्षण लिहिणारा, ज्याला घुमटाची मिलिमीटरमधली रुंदी माहीत असते, तो 'रेशमी' लिहून पुढे जातो. त्याचं ते न सांगणं हा मला परीक्षणातला दोष वाटतो, धर्मातला असो वा नसो.

ह्यांचा युक्तिवाद मात्र कच्चा नव्हता. ते म्हणाले, घुमटाचं रेशीम नको, ठीक. पण तो घुमट जे वाजवणार आहे ते काय आहे? तबल्याला बकऱ्याचं कातडं आहे. पखवाजाला कातडं आहे. तानपुऱ्याची घोडी, जिच्यावर तुझी ती जवारी निघते, कित्येकदा हाडाची किंवा शिंगाची असते. आणि ज्या ७८च्या तबकड्यांवर हिराबाई आणि केसरबाई आपल्यापर्यंत आल्या, त्या सगळ्या लाखेच्या. आपल्या देशात तर त्या १९६०च्या दशकातही निघत होत्या, बीटल्सचीसुद्धा ७८ची तबकडी निघाली ती भारतात. आईनं चपड्याचं पॉलिश परत पाठवलं आणि त्याच पेट्यांतून लाख ऐकली.

मी यावर बरेच दिवस विचार केला. उत्तर पूर्ण सापडलं आहे असं म्हणत नाही, पण जे सापडलं ते लिहिते. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर आकाशात गेली ती सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. तेच गाणं लाखेवर होतं, नंतर प्लास्टिकवर आलं, तांब्यावर आलं, आता मोबाइलमध्ये आहे. लाख गळून गेली, गाणं राहिलं. म्हणजे लाख गाण्याचा भाग नव्हती, वाटेचा होती. कातड्याचं तसं नाही. तबल्याचं कातडं काढलं तर तबला उरत नाही, आणि त्या जागी जे काही येईल त्याला दुसरं नाव द्यावं लागेल. तिथं मी निरुत्तर आहे. आपल्या देवळात भजनाला ढोलक वाजते तेव्हाही मी निरुत्तरच असते. पण स्पीकर हा वाटेतला आहे. वाटेत पर्याय असतो. आणि पर्याय असताना मी आज, माझ्या पैशानं, माझ्या घरासाठी नवं काय करवून घेते, एवढाच माझ्या हातातला प्रश्न आहे. १९३० साली कुणी काय केलं, तो नाही.

पर्याय खरोखरच आहेत, आणि हलके नाहीत. पुण्याला ज्या डब्यांवर कुमारांचा श्वास ऐकला, त्यांचा ट्वीटर केईएफ कंपनीचा आहे आणि त्याचा घुमट मेलिनेक्स नावाच्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचा. खालचा शंकूही प्लास्टिकचा, कड कृत्रिम रबराची. ट्वीटरभोवती नमद्याची चौकट आहे. नमदा लोकरीचा, पण लोकर कातरून मिळते. बीबीसीच्या इंजिनियरांनी काही जीवदया म्हणून हे केलं नाही. शंभर जोड्या केल्या तर शंभर सारख्या वाजाव्यात, ही त्यांची गरज होती, आणि प्लास्टिक दर वेळी सारखं मिळतं. पण झालं ते झालं. स्पीकरांच्या इतिहासात ज्याच्या आवाजाची सर्वांत जास्त स्तुती झाली, त्यांतला एक असा आहे की त्याच्यासाठी, माझ्या समजुतीप्रमाणे, एक किडाही उकळलेला नाही. तेव्हा 'रेशमाशिवाय गोडवा नाही' हे दुकानातलं वाक्य कानांनीच खोडून काढता येतं. उलट जुनं ते सगळं निर्मळ असंही समजू नये. फार जुन्या स्पीकरांना शंकूची कड चामड्याची लावत, आणि पेट्या सरसानं चिकटवत. जुना नग घेताना हेही पाहावं लागतं.

अपग्रेडबद्दल आणखी एक तक्रार आहे, ती रेशमाइतकी गंभीर नाही पण घरोघरीची आहे. अपग्रेड करणारा म्हणतो, मी वाढवत नाही, बदलतो आहे. जुनी जोडी जाते आणि नवी येते, एकास एक. प्रत्यक्षात जुनी जात नाही; माळ्यावर जाते. नणंदेच्या माळ्यावर तीन जोड्या आहेत, एक ॲम्प्लिफायर आहे, आणि 'पुढेमागे लागेल' म्हणून ठेवलेली रिकामी खोकी आहेत. आपल्याकडे श्रावकाला परिग्रहाचं परिमाण सांगितलं आहे: शेत, घर, सोनं, धान्य, भांडीकुंडी, सगळ्याला एक आकडा ठरवायचा. त्या यादीत स्पीकर कुठं बसवावा हे मी एकदा माताजींना विचारलं होतं. त्या हसल्या आणि भांड्यांत घाल म्हणाल्या. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवर नाहीच, वस्तूत अडकलेल्या मनावर आहे. हाय-फाय मासिकांचा सगळा धंदा त्या अडकण्यावर चालतो. दर महिन्याला एक नवा स्पीकर 'आजवर न ऐकलेलं' ऐकवतो. म्हणजे गेल्या महिन्याचा ते ऐकवत नव्हता, आणि आपण ऐकलं ते अपुरं होतं. हे वाचून ज्याला आपल्या घरचं गाणं बेचव लागायला लागतं, त्याचं नुकसान पैशापेक्षा मोठं आहे.

दुरुस्ती वेगळी. सुकलेला कपॅसिटर बदलणं, सैल झालेली तार पुन्हा डागणं, पेटीची उखडलेली फळी चिकटवणं याला मी अपग्रेड म्हणत नाही. ते भांड्याला कल्हई करण्यासारखं आहे. आमच्याकडे नवे कपॅसिटर बसले ते प्लास्टिकच्या पापुद्र्याचे, ते सुकत नाहीत. दोघांचे मिळून खर्च साडेतीनशे रुपये. तेवढ्यानंच जुन्या ट्वीटरची निम्मी धार कमी झाली, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

खोलीचं मी केलं. शहाबादी फरशीवर जाजम घातलं, आणि पेट्यांच्या समोरच्या भिंतीवर, जिथं पूर्वी कॅलेंडर होतं, तिथं आईच्या हातची जुनी गोधडी टांगली. गोधडी सुती, आत लुगड्यांचे थर. मांडणीवरची स्टीलची भांडी एका विशिष्ट सुराला किणकिणत, त्यांच्या खाली फडकी अंथरली. टाळी वाजवून पाहिली तर पूर्वी 'टर्र' असा जो थरकाप उठे तो गेला. ४७ हर्ट्झचा घुमारा गोधडीनं जात नाही. पण वरचा गोंगाट गेल्यानं तोही कमी बोचतो. यात एक पैसा लागला नाही, आणि ऐकण्यात जितका फरक पडला तितका कुठल्याच विकत आणलेल्या वस्तूनं पाडला नाही. मासिकांत याला 'खोलीची प्रक्रिया' म्हणतात आणि त्यासाठी फोमचे तुकडे विकतात.

ट्वीटर शेवटी आला तो कृत्रिम धाग्याच्या घुमटाचा. गुजराती गल्लीतच मिळाला, तीन दुकानं हिंडल्यावर. दुकानदारानं खोक्यात पाहिलं, कंपनीला फोन लावला आणि मग खात्रीनं सांगितलं. त्याचं परीक्षण असं: रेशमापेक्षा तो कमी चांगला आहे. तानपुऱ्याची आस लवकर तुटते, वरचे सूर मोजता येत नाहीत, एकत्र झुळझुळतात. भूपात सुरुवातीला, गाणं लागायच्या आधी, जी दोन तंबोऱ्यांची जोड वाजते तिथं हे सर्वांत जास्त जाणवतं. थोडं कोरडं, उन्हात वाळलेलं. 'स' ठीक आहे. 'ळ' पोळपाटापाशी स्पष्ट येतो. गळा तिथंच आहे जिथं होता, कारण गळा मुळात मामंजींच्या कागदी शंकूतून येतो आणि त्याला कुणी हात लावलेला नाही.

ह्यांना हा ट्वीटर आवडलेला नाही. ते खुर्चीत बसून ऐकतात, आणि मध्येच उठून पेटीजवळ कान नेतात. सासूबाईंना विचारलं, कसं वाटतं? त्या म्हणाल्या, आवाज थोडा मोठा कर.